निवळीवर वजन वाढत नाही

पत्र

माझ्या सहा वर्षांच्या मुलीला जूनमध्ये रक्ताचा कॅन्सर निघाला. डॉक्टर एएलएल म्हणतात. आम्ही जालना जिल्ह्यातले, उपचारासाठी परळजवळ एका खोलीत राहतो. एकच शेगडी आहे, फ्रिज नाही. पहिल्या महिन्यात स्टेरॉइडच्या गोळ्या होत्या तेव्हा पोर रात्री दोनला उठून वरणभात मागायची, गाल फुगले होते. आता नवीन केमो सुरू झाल्यापासून तोंड आलंय. दोन घास खाल्ले की मान फिरवते, फोडणीचा वास आला तरी ओकते. वजन साडेसतरा होतं, परवा ओपीडीत १५.८ भरलं. हलकं म्हणून मी डाळीचं पाणी, नाचणीची पेज, नारळपाणी, साबुदाण्याची खीर देते. सासूबाई म्हणतात साखर आणि दूध बंद कर, साखरेनं कॅन्सर पोसतो. दिरांनी गव्हांकुराचा रस आणि गुळवेलीचा काढा घ्यायला सांगितलंय. नणंद म्हणते रक्त वाढायला बीट आणि आयर्नचं टॉनिक दे. कुणाचं ऐकू? आणि दिवाळीचा फराळ गावाहून येणार आहे, तो तिला चालेल का?

उत्तर

ताई, आधी वजनाचं बघू. साडेसतरा हे वजन आजार कळण्याआधीचं होतं की गाल फुगले होते तेव्हाचं, हे फाइलमध्ये पाहून घ्या. स्टेरॉइडमुळे अंगात पाणी धरतं आणि त्याच वेळी स्नायू झिजतात. त्यामुळे काटा वर असतानाही मूल आतून खंगत असतं. मांड्या आणि दंड बारीक झालेत का, बाकावर बसलं की टोचतं असं ती म्हणते का, जिने चढताना हात धरावा लागतो का, हे काट्याइतकंच महत्त्वाचं आहे. आहारतज्ज्ञ टेप लावून दंडाचा घेर मोजतात ते याचसाठी. साडेसतरा आजाराआधीचं असेल तर जवळजवळ दहावा हिस्सा वजन गेलंय. ही पुढच्या तारखेपर्यंत थांबायची गोष्ट नाही. उद्याच वॉर्डातल्या आहारतज्ज्ञांना गाठा आणि 'वजन इतकं उतरलंय, तोंड आलंय, दिवसाला एवढंच जातंय' असं आकड्यांत सांगा.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही देताय त्यातलं काहीच वाईट नाही, पण त्यात पाणीच जास्त आहे. आजाऱ्याला हलकं आणि पातळ द्यायचं ही आपल्याकडची रीत दोन दिवसांच्या तापाला ठीक आहे. दोन-अडीच वर्षं चालणाऱ्या उपचारात तीच रीत मुलाला उपाशी ठेवते. वाटीभर डाळीच्या निवळीत ३० कॅलरीही जेमतेम असतात, प्रथिनं नावापुरती. पेलाभर नारळपाण्यात साधारण ४० कॅलरी. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, खिरीला जो काही जोर असतो तो दुधाचा. सहा वर्षांच्या धडधाकट मुलीला दिवसाला १३५० कॅलरींच्या आसपास लागतात आणि तुमची लेक आजारी आहे. प्रथिनं किलोमागे दीड ते दोन ग्रॅम धरली तर तिला २४ ते ३२ ग्रॅम हवीत. तिचं पोट मात्र सध्या अर्ध्या वाटीत भरतं. म्हणजे त्या अर्ध्या वाटीतच जास्तीत जास्त कसं बसवायचं, एवढाच प्रश्न आहे. दर दोन-अडीच तासांनी, दिवसातून सहा-सात वेळा, प्रत्येक वेळी २०० कॅलरी असा हिशेब ठेवा. तीन वेळच्या ताटाचा विचार सध्या सोडून द्या.

खाली चमचा म्हणजे ५ मिलीचा, मोठा चमचा १५ मिलीचा, वाटी १५० मिलीची आणि पेला २०० मिलीचा.

त्याच वाटीत जास्त

खिमट. २ मोठे चमचे तांदूळ आणि तितकीच मुगाची डाळ कोरडी भाजून, धुऊन, दीड वाटी पाण्यात चिमूटभर हळद-मीठ घालून कुकरला मऊ शिजवा. रवीनं घोटून त्यात २ चमचे तूप घाला. एवढ्यात ३०० कॅलरी आणि ९ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं होतात. अर्धं आत्ता द्या. फ्रिज नाही, म्हणून उरलेलं अर्धं तुम्ही खा आणि तिच्यासाठी पुढच्या वेळी ताजं टाका. निवळ काढून देताना डाळ भांड्यात राहते आणि मुलाला पिवळं पाणी मिळतं, ते बंद. अंडं चालत असेल तर एक अंडं नीट फेटून उकळत्या खिमटात धारेनं सोडा, ढवळा आणि आणखी ४ मिनिटं उकळा. चावावं लागत नाही आणि ७० कॅलरी, ६ ग्रॅम प्रथिनं वाढतात. आच बंद करून मग अंडं घातलं तर ते आत कच्चं राहतं, म्हणून रटरटतानाच घाला.

दूध. पिशवीतलं फुल क्रीम दूध घ्या. पेलाभर दुधात १७५ च्या आसपास कॅलरी असतात. त्यात २ मोठे चमचे साध्या दुधाची पावडर आणि चमचाभर साखर घातली की त्याच पेल्यात २५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं होतात. पावडर थेट गरम दुधात टाकली की गुठळ्या होतात आणि गुठळी जिभेला लागली की मूल पेला ढकलतं. म्हणून आधी थोड्या कोमट पाण्यात कालवून घ्या, मग दुधात घालून उकळा. एका वेळी पेला नको, अर्धाच द्या. जुलाब लागले तर दूध-पावडर थांबवून डॉक्टरांना विचारा, कारण केमोनंतर आतड्याला काही दिवस दुधातली साखर पचत नाही.

नाचणी. तुमची पेज पातळ होते कारण पीठ वाढवलं की ती घट्ट, चिकट होते आणि तोंड आलेल्या मुलाला गिळवत नाही. यावर आपल्या आज्यांना ठाऊक असलेला उपाय आहे: मोड आलेल्या धान्याचं पीठ. मोड येताना धान्यात एक पाचकद्रव्य तयार होतं, ते शिजलेलं पिष्ट तोडून पेज सैल करतं. बडोद्याच्या विद्यापीठात १९८० च्या दशकात लहान मुलांच्या आहारासाठी यावर बरंच काम झालं. करायचं असं: ३० ग्रॅम, म्हणजे ३ मोठे चमचे भरून, साधं नाचणीचं पीठ थोड्या गार दुधात कालवून पेलाभर दुधात घट्ट शिजवा. खाली उतरवून दोनेक मिनिटं वाफ जाऊ द्या. मग अर्धा चमचा मोडाच्या नाचणीचं पीठ घालून ढवळत राहा. तीन-चार मिनिटांत डोळ्यांदेखत पेज सैल होते. आता पुन्हा शेगडीवर ठेवून २ मिनिटं चांगली उकळा, कारण मोड आणताना जंतूही वाढलेले असतात. शेवटी २ चमचे साखर, चमचाभर तूप. एकूण ३५० च्या घरात कॅलरी. अर्धी तिला द्या, उरलेली खिमटासारखीच तुम्ही घ्या. रटरटत्या पेजेत मोडाचं पीठ टाकलं तर पाचकद्रव्य जळतं आणि काहीच होत नाही. मोडाची नाचणी खमंग भाजली तरीही तेच, ती फक्त वाळवून दळायची. बाजारात 'नाचणी सत्त्व' म्हणून दोन वेगळ्या गोष्टी मिळतात. एक मोडाचं पीठ. दुसरं भिजवून, वाटून, गाळून खाली बसलेलं पांढरट सत्त्व. दुसऱ्यात चोथ्याबरोबर प्रथिनंही बरीच निघून जातात, ते घेऊ नका.

वर टाकायची पूड. १०० ग्रॅम शेंगदाणे मंद आचेवर १२-१५ मिनिटं भाजा. सुरकुतलेले, काळपट, कडवट दाणे निवडून फेका. बुरशीचं विष अशाच दाण्यांत असतं आणि ते भाजून जात नाही. सालं काढून १०० ग्रॅम डाळं आणि ५० ग्रॅम साखरेबरोबर मिक्सर थांबून थांबून फिरवा. सलग फिरवला तर तेल सुटून गोळा होतो. मोठ्या चमच्याला (१५ ग्रॅम) ६५ च्या पुढे कॅलरी आणि अडीच-तीन ग्रॅम प्रथिनं. खिरीत, पेजेत, कुस्करलेल्या केळ्यात मिसळा. मुंबईच्या दमट हवेत एका वेळी आठवड्यापुरतीच करा, डब्यात ओला चमचा घालू नका. पूर्वी कधी शेंगदाण्यानं अंगावर पित्त उठलं असेल तर अर्थात नाही.

इथे एक अट आहे, ती विसरू नका. एएलएलमध्ये अॅस्परॅजिनेज नावाचं इंजेक्शन देतात. त्यानं काही मुलांत स्वादुपिंडाला सूज येते किंवा रक्तातली चरबी वाढते. तसं झालं की डॉक्टर तूप-तेल कमी करायला सांगतात, आणि मग वरचं तूप, दाणे, फुल क्रीम दूध सगळं बाजूला ठेवायचं. पोटात, पाठीपर्यंत जाणारी जोराची कळ आणि उलट्या हे त्याचं लक्षण. असं दिसलं तर काही न भरवता थेट हॉस्पिटल. स्टेरॉइड आणि हे इंजेक्शन मिळून साखरही वाढवू शकतात. सारखी तहान, सारखी लघवी सुरू झाली तर सांगा. साखर वाढल्याचं तपासणीत निघेपर्यंत गोड बंद करायचं कारण नाही.

तोंड, वास, उलटी

तोंड आल्यावर खाणं अडतं ते दुखण्यानं, भूक नसल्यानं नव्हे. आधी दुखणं कमी करा. पेलाभर (२००-२५० मिली) उकळून कोमट केलेल्या पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि त्याच्या निम्मं मीठ घालून खाल्ल्यावर प्रत्येक वेळी आणि झोपताना गुळण्या. ती थुंकायची, गिळायची नाही. पाणी रोज नवीन करा. बाजारातली झोंबणारी माउथवॉश नकोत. हॉस्पिटलनं बधिर करणारं जेल दिलं असेल तर ते सांगितलेल्या मापातच लावा आणि खाताना जवळ बसा, कारण बधिर तोंडात गाल चावला जातो, घासही अडकू शकतो.

खायला सगळं कोमट किंवा गार. दुधात सैल केलेला शिरा, रव्याची खीर, केळं दुधात कुस्करून, घोटलेलं खिमट. लिंबू, कोकम, चिंच, टोमॅटो, मिरची, भाकरीचा पापुद्रा, फरसाण हे तोंड बरं होईपर्यंत नाही. स्ट्रॉनं प्यायला दिलं तर फोडांना लागत नाही. तोंड बरं झाल्यावर आणि तोंडाला धातूची चव येते असं ती म्हणू लागली तर उलटं करा: कोकमाचं सार, लिंबू पिळलेलं वरण, हिंग-जिऱ्याची फोडणी, आणि स्टीलऐवजी प्लास्टिकचा किंवा लाकडी चमचा.

खोली एकच, त्यामुळे फोडणीचा वास तिच्या नाकात जाणारच. तिला कुणीतरी बाहेर नेलेलं असताना स्वयंपाक उरका, नाहीतर कुकरमध्येच सगळं करा. कुकरात वास कोंडलेला राहतो. खालच्या डब्यात खिमट, वरच्यात धुतलेलं अंडं आणि बटाटा, चार शिट्ट्या, एकच शेगडी. गार झालेल्या अन्नाला वास कमी येतो, म्हणून शिऱ्याचं झाकण तिच्यासमोर उघडू नका. उलटीचं औषध लिहून दिलेलं असेल तर ते खाण्याआधी साधारण अर्धा तास. उलटी झाल्यावर लगेच भरवू नका. अर्ध्या तासानं ओआरएस चमच्या-चमच्यानं द्या, डब्ल्यूएचओचं सूत्र लिहिलेली पुडीच घ्या. पुडी २०० मिलीची आहे की लिटरची ते वाचून तितक्याच पाण्यात कालवा. लिटरच्या पुडीतलं अंदाजानं अर्धं घातलं की मिठाचं प्रमाण बिघडतं. २४ तासांनी उरलेलं ओता.

केमोच्या दिवशी तिच्या आवडीचं काही करू नका. वेदना विसरायला म्हणून आया नेमकी त्याच दिवशी पुरणपोळी करतात, आणि मग पोर आयुष्यभर पुरणपोळीला तोंड लावत नाही. सिएटलमधल्या संशोधकांनी १९७८ मध्ये केमो घेणाऱ्या मुलांना औषधाआधी एका नव्याच चवीचं आइस्क्रीम दिलं. नंतर ती मुलं तेच आइस्क्रीम टाळू लागली. शरीर मळमळीचा दोष नुकत्याच खाल्लेल्या पदार्थाला देतं. पुढे १९८७ मध्ये त्याच गटानं यातून युक्ती काढली: जेवण आणि केमो यांच्यामध्ये तीव्र चवीची एक गोळी चघळायला दिली, तर दोष बराचसा गोळीवर गेला आणि जेवण वाचलं. तुम्हीही करू शकता. तोंड बरं असेल तर जेवणानंतर, सलाईन लागण्यापूर्वी, तिला एरवी न दिलेल्या चवीची एक वेष्टनातली गोळी द्या. औषधाची गोळी मात्र कधीच खिरीत कालवू नका. खीर जाते ती जाते, आणि अर्धी वाटी उरली की किती औषध पोटात गेलं हेही कळत नाही.

बळजबरी नको. वीस-पंचवीस मिनिटं झाली की वाटी उचला, रागावू नका, दोन तासांनी पुन्हा द्या. केमोनंतर साधारण पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या, तळाला असतात, तोंडही तेव्हाच जास्त येतं. त्यानंतर पुढच्या केमोआधी चार-पाच दिवस भूक परत येते. त्या दिवसांत जे मागेल ते, जितक्या वेळा मागेल तितकं. वजन भरून निघतं ते त्याच दिवसांत.

व्हिन्क्रिस्टिनच्या इंजेक्शननं आतडी मंदावतात आणि बद्धकोष्ठ होतं. दोन दिवस शी झाली नाही तर सांगा. भिजवून उकळलेल्या काळ्या मनुका, पिकलेली पपई, भरपूर पाणी, आणि डॉक्टरांनी दिलेलं पातळ औषध. एरंडेल, एनिमा, गुदद्वारातून द्यायची गोळी अजिबात नाही. काउंट कमी असताना तिथली बारीकशी चीरही जंतूंना रक्तात वाट करून देते.

स्वच्छता कुठे चुकते

एएनसी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा, ५०० च्या खाली गेला की साध्या जंतूनंही मूल भरती होतं. यावर अनेक ठिकाणी फळं, दही सगळंच बंद करतात. पण कडक पथ्यापेक्षा स्वयंपाकातली काटेकोर स्वच्छताच कामाची, असं मुलांवरच्या अभ्यासातही दिसलंय. तुमच्या वॉर्डाचा नियम असेल तो पाळा. तो तिथल्या पाण्याकडे आणि हवेकडे बघून केलेला असतो.

फ्रिज नसणं हा खरं तर तोटा नाही. दर वेळी थोडं ताजं शिजवणारी आई फ्रिजमधलं शिळं देत नाही. शिजल्यापासून दोन तासांत खाल्लं गेलं नाही तर ते तिला द्यायचं नाही, एवढं पाळा. भाताचं तर विशेषच. तांदळातल्या एका जंतूची बीजं शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट राहिला की तो वाढून विष सोडतो आणि ते विष परत गरम करून जात नाही. सकाळच्या भाताला रात्री फोडणी देणं यासाठी बंद. ओपीडीला दिवस मोडतो तेव्हा रुंद तोंडाचा थर्मास वापरा: आधी उकळतं पाणी भरून पाच मिनिटं ठेवा, ओता, मग रटरटतं खिमट काठोकाठ भरा. चार तासांच्या आत संपवा. कोमट अन्न थर्मासात भरलं तर तो जंतूंचा पाळणाच होतो.

पाणी खळखळ उकळू लागल्यावर किमान एक मिनिट उकळू द्या, झाकूनच गार करा, दांड्याच्या ओगराळ्यानं काढा, दुसऱ्या दिवशी नवीन. हातानं पेला बुडवला की सगळी मेहनत वाया. पिशवीचं दूधही उकळूनच. खोलीतली सगळ्यांत घाण वस्तू म्हणजे ओटा पुसायचं फडकं. ते रोज उकळून उन्हात वाळवा, आणि तिची भांडी त्यानं पुसूच नका, उपडी घालून वाळू द्या.

कच्चं काय जातं तेही बघा. आपण कोशिंबीर बंद करतो आणि शिजलेल्या वरणावर कच्ची कोथिंबीर भुरभुरतो. कोथिंबीर हवी तर उकळीत टाका. ओली चटणी, कच्चे मोड, उसाचा रस, बर्फ, गाड्यावरची कापलेली फळं, पाणीपुरी, कच्चा मध, गोठ्यातलं सुटं दूध, बुरसट वास येणारं सुकं खोबरं हे नाही. केळं, मोसंबी, पपई, डाळिंब अशी सालीची फळं सालीसकट धुऊन, मगच सोलून, लगेच द्यायची. न धुता सुरी लावली की सालीवरची घाण गरात जाते. दही पिशवीच्या दुधाचं, घरी लावलेलं, त्याच दिवशीचं, तेही काउंट विचारून.

ताप १००.४ च्या वर गेला तर आधी क्रोसिन देऊ नका. हॉस्पिटल गाठा, रात्र असली तरी.

कुणाचं ऐकायचं

सासूबाईंना सांगा, साखर बंद केली तरी शरीर भातातून, डाळीतून, शेवटी स्वतःच्या स्नायूंमधूनही साखर तयार करतंच. उपाशी राहतं ते मूल. दूध तर सध्या तिचा सगळ्यांत सोपा आधार आहे.

गव्हांकुराचा रस कच्चा असतो, ओल्या मातीत, बुरशीच्या शेजारी वाढलेला. काउंट कमी असताना तो देऊ नका. पपईच्या पानांचा रस कुणी सुचवला तर तोही नको. गुळवेलीचं जास्त गंभीर आहे. २०२१ मध्ये मुंबईतल्याच यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्या निष्कर्षाशी आयुष मंत्रालय सहमत नव्हतं, पण तुमच्यापुरता हिशेब वेगळा आहे. मुलीची मेथोट्रेक्सेट आणि पुढे येणारी मर्कॅप्टोप्युरिन ही औषधं मुळातच यकृतावर ताण टाकतात. तपासणीत यकृताचे आकडे वाढले की डॉक्टरांना केमो थांबवावी लागते, आणि ते केमोमुळे की काढ्यामुळे हे कळायला मार्ग नसतो. दिरांचं प्रेम कळतं, काढा मात्र तसाच ठेवून द्या. आत्तापर्यंत दिला असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका, ते रागावले तरी.

नणंदेचं बीट भाजी म्हणून शिजवून द्यायला हरकत नाही, पण त्यानं या आजारात रक्त वाढत नाही. मुलीचं हिमोग्लोबिन लोह कमी पडून उतरलेलं नाही, हाडांतली रक्त बनवणारी मज्जा काम करत नाही म्हणून उतरलंय. रक्त चढवताना प्रत्येक पिशवीबरोबर लोह आत जातंच आणि ते बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. वर आयर्नचं टॉनिक म्हणजे साठ्यात भर. टॉनिकांमध्ये फोलिक अॅसिडही असतं, आणि मेथोट्रेक्सेट काम करतं तेच फोलेटचा मार्ग अडवून. म्हणून कुठलंही टॉनिक, मल्टीव्हिटॅमिन, प्रोटीन पावडर विचारल्याशिवाय नाही. मोठ्या डोसच्या मेथोट्रेक्सेटनंतर हॉस्पिटल घड्याळ लावून ल्युकोव्होरिन (मेथोट्रेक्सेटच्या दुष्परिणामांवरचा उतारा) देतं, ते वेगळं आणि चुकवायचं नाही. त्या दिवसांत कोला पेये आणि व्हिटॅमिन सीच्या गोळ्याही नकोत. लघवी आम्ल झाली की औषध मूत्रपिंडात साचतं.

स्टेरॉइड पुढेही येतील. तेव्हा रात्रीच्या भुकेला वेफर, पापड, लोणचं, नूडल्स हाताशी ठेवू नका, मिठानं सूज आणि रक्तदाब दोन्ही वाढतात. उकडलेलं अंडं, मुगाचं धिरडं, ताजं थालीपीठ, रताळं चालेल. स्टेरॉइडची गोळी कधीही रिकाम्या पोटी नाही.

एवढं करूनही वजन उतरत राहिलं तर डॉक्टर नाकातून नळी घालून आहार द्यायचं सुचवतील. बहुतेक आया इथे रडतात, आपण हरलो असं वाटतं. नळीनं रात्री झोपेत आहार जातो, औषधं चव न लागता जातात आणि भांडण संपतं. काही आठवड्यांनी ती निघते. नळीतून घरची पेज घालायची नाही, ती तुंबते. हॉस्पिटलनं सांगितलेला आहार त्यांच्या मापानं द्या आणि आधी-नंतर उकळून गार केलेल्या पाण्यानं नळी धुवा.

मदत मागायला लाजू नका. कडल्स फाउंडेशन अनेक सरकारी आणि धर्मादाय हॉस्पिटलांत कॅन्सरग्रस्त मुलांच्या आहारावरच काम करतं: आहारतज्ज्ञ, पूरक आहार, गरजू घरांना शिधा. राहायची खोली परवडत नसेल तर समाजसेवा विभागात सेंट ज्यूड इंडियाच्या केंद्रांची आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेची चौकशी करा. आणि तुमचं स्वतःचं जेवण: तिच्या वाटीत उरलेलं खाणं म्हणजे जेवण नव्हे. खिमट टाकताना मूठभर तांदूळ स्वतःसाठीही टाका.

राहिला फराळ. चकली, कडबोळी, शेव, चिवडा तोंड बरं होईपर्यंत नाही, टोचतं. ओल्या नारळाच्या वड्या, करंज्या, खव्याचं काहीही प्रवासातून आलेलं नाही. बेसनाचा किंवा रव्याचा लाडू चालेल: बेसन तुपात नीट भाजलेलं, हात न लावता डब्यात भरलेलं, पाण्याचा अंश नसलेलं, करून आठवडा उलटायच्या आत आलेलं. गावाकडे सांगताना बेदाणे-काजू वरून लावू नका म्हणावं, ते कच्चे असतात. तिचा डबा वेगळा ठेवा. ३० ग्रॅमच्या लहान लाडवात दीडशेच्या जवळ कॅलरी असतात. कोरडा घशाला लागला तर अर्धा पेला गरम दुधात कुस्करून, एक उकळी आणून चमच्यानं द्या. आणि तो पहिला लाडू केमोच्या दिवशी नको.